कालव्यावर घट्ट, नदीवर लांब: नॅरोबोट बांधण्यातला घोळ

इंग्लंडात नॅरोबोट (कालव्यांसाठी बांधलेली लांबट, अरुंद बोट) घेऊन निघालेल्या प्रत्येकाला ती काठाला बांधताना कोणीतरी सांगतंच की "दोर जरा सैल सोडा, पाणी वरखाली होतं", आणि हे ऐकून ऐकून आता वैताग आलाय, कारण कालव्यावर हा सल्ला सरळ चुकीचा आहे आणि नदीवर अर्धवट. त्यात आपल्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांच्या डोक्यात भरती-ओहोटी पक्की बसलेली, त्यामुळे त्यांना तर हे लगेच पटतं.

कालवा बहुतेकांना माहीत असतो, सुट्टीत आठवडाभर बोट भाड्याने घेतली की तिथेच शिकून होतं, म्हणून थोडक्यात सांगतो. 6 फूट 10 इंच रुंद बोट, ताशी 4 मैलांची मर्यादा, बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद. पाणी जवळजवळ वाहत नाही आणि दोन लॉकांमधली (लॉक म्हणजे बोट वर-खाली नेणारी, दोन्हीकडे दारं असलेली पाण्याची कोठी) पातळी एरवी फारशी बदलत नाही. इथे तुमची बोट हलते ती शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या बोटीमुळे. कालवा उथळ आणि अरुंद, त्यामुळे जाणारी बोट पुढचं पाणी ढकलत नेते, तिच्या बाजूची पातळी जरा खाली बसते, आणि तुमची बोट आधी एका दिशेला सरकते मग उलटीकडे खेचली जाते. दोर घट्ट असेल तर ती जागच्या जागी कुरकुरते, बस. सैल असेल तर पंधरा-सोळा टनांचं ते लोखंड सैल आहे तेवढं धावतं आणि शेवटी हिसका बसतो. दोरासाठी काठावर ठोकलेल्या मेखा उपटतात त्या या हिसक्याने, त्यातून पावसाने काठ भिजलेला असेल तर विचारूच नका.

म्हणून कालव्यावर पुढचा दोर पुढे, मागचा मागे, साधारण 45 अंशांत, ताणून. रहदारी जास्त असेल तर मधून उलट दिशेला तिरपे आणखी दोन दोर, ज्यांना स्प्रिंग म्हणतात, म्हणजे बोट पुढेमागे सरकतच नाही. काठाला पत्र्याचं पायलिंग (ठोकून बसवलेली आधाराची भिंत) असेल तर मेखा ठोकूच नका, हुक नाहीतर साखळी अडकवा, शंभर पटीने बरं. मेखच ठोकायची झाली तर तंबूची ठोकतात तशी, डोकं बोटीपासून लांब झुकलेलं, आणि पायवाटेच्या पाण्याकडच्या कडेला. पायवाटेवरून आडवा दोर नेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, अंधारात तिथून सायकली जातात.

आणि मधला दोर! तो छताला असतो, बोट काठाला आणताना क्षणभर धरायला. रात्रभर त्याच एका दोरावर बोट सोडून लोक खुशाल झोपतात. ओढ छताच्या उंचीवरून बसते, त्यामुळे शेजारून बोट गेली की तुमची नुसती सरकत नाही, काठाकडे कलंडते आणि ओट्यावरचा चहा जमिनीवर येतो.

आता नदी. टेम्स, ट्रेंट, सोअर, एव्हन, कुठलीही घ्या. इथे पाऊस वर कुठेतरी पडतो आणि तुम्ही झोपलेले असताना पातळी बदलते. आखूड घट्ट दोराने पाणी चढताना काठाकडची बाजू खाली दाबली जाते, उतरताना तीच बाजू दोराला लटकते. म्हणून लोक म्हणतात सैल सोडा. पण सैल सोडलेली बोट प्रवाहात काठापासून लांब जाते, परत येते, आदळते, आणि पाणी खूप चढलं तर काठावर जाऊन बसते, मग पूर ओसरला की अर्धी बोट गवतात.

नदीवर दोर हवा तो लांब. हा एक फरक लक्षात ठेवलात तरी पुरे. साधा हिशोब करून बघा: दोर 1 मीटरचा आहे आणि पाणी दीड मीटर चढलं, तर त्याला 80 सेंटीमीटर जास्त दोर लागणार, तेवढी ढील कोणीच ठेवत नाही. तोच दोर काठाने तिरपा 5 मीटर लांबच्या बोलार्डला (दोर अडकवायच्या खुंटाला) नेला असेल तर तेवढ्याच चढाला जेमतेम 22 सेंटीमीटर लागतात. म्हणजे थोडी ढील पुरते, आणि बोट काठाजवळच राहते. जवळचं कडं दिसतंय म्हणून तिथेच गुंडाळून मोकळं व्हायचं नाही, लांबचं शोधायचं. तरंगता धक्का मिळाला तर प्रश्नच मिटला, तो बोटीबरोबरच चढतो, तिथे कालव्यासारखं घट्ट बांधा.

दुसरं म्हणजे नदीवर तोंड प्रवाहाच्या उलट, आणि आधी वरच्या अंगाचा दोर. मागचा आधी बांधलात तर प्रवाह पुढचं टोक उचलून नदीत आडवं करतो आणि मग माणसांनी ओढून ते परत येत नाही.

बाकीचे फरक किरकोळ. नदीवर नांगर लागतो, टेम्सवर बऱ्याच ठिकाणी 24 तासच थांबता येतं तर कालव्यावर साधारण 14 दिवस, टेम्सचं लायसन वेगळं. पाण्याचा नळ, टॉयलेटची कॅसेट, गॅसचा सिलिंडर, रोजचं जगणं दोन्हीकडे तेच.

कालव्यावरही पाणी उतरतं, हे मात्र खरं. खालच्या लॉकचं पॅडल (पाणी सोडायची झडप) कोणी उघडं टाकलं किंवा त्याचं दार गळत असलं की दोन लॉकांमधला आखूड तुकडा रात्रीत रिकामा होतो. त्यावर उपाय दोर सैल सोडणं नव्हे, अशा तुकड्यात रात्र काढायचीच नाही. सकाळी तव्यावरचं तेल एका कडेला जमायला लागलं, कपाटाचं दार आपोआप उघडलं, की गॅस बंद करून आधी दोर बघायचे, पोळ्या नंतर.

खरी फसगत मिश्र पट्ट्यांत होते. केनेट अँड एव्हन कालव्यावर न्यूबरी ते रेडिंग तुम्ही घडीत नदीत असता, घडीत खोदलेल्या चरात. 1790 साली पुरा झालेल्या ऑक्सफर्ड कालव्यात तर पैसे वाचवायला साधारण मैलभर चेरवेल नदीच वापरलीय, बेकर्स लॉकपासून शिप्टन वेअर लॉकपर्यंत. नाव कालवा म्हणून तिथेही लोक कालव्याच्या सवयीनेच वागतात. अशा ठिकाणी लॉकजवळची पातळीची पट्टी बघायची, हिरवा, पिवळा, लाल, आणि लाल असेल तर हलायचंच नाही. थांबायचं तर दोर कड्यातून फिरवून परत बोटीवरच बांधा, म्हणजे रात्री दोनला पाणी चढलं तर डेकवरून सोडता येतो, चिखलात उतरून ताणलेल्या गाठीशी झटापट करावी लागत नाही.