पीएफचा नियम कोणत्या काळातला?

पीएफ ही ओपनबीएसडी या युनिक्स धाटणीच्या संगणक प्रणालीची फायरवॉल. तिचे नियम काळानुसार बदलत गेले. ओपनबीएसडीत २००१ पर्यंत पॅकेट (जाळ्यातून जाणारे डेटाचे तुकडे) गाळण्याचं काम डॅरेन रीड यांचं आयपीफिल्टर करत असे. त्या वर्षी मे महिन्यात रीड यांनी परवान्यात एका वाक्याची भर घातली: पूर्वपरवानगीशिवाय सुधारित आवृत्ती काढता येणार नाही. हा नवा नियम नसून मूळ अर्थाचा खुलासा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ज्या कोडमध्ये हात घालता येत नाही, तो ओपनबीएसडीच्या उपयोगाचा नव्हता. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ द राट यांनी महिनाअखेरीस तो काढून टाकला. बदली कोड तयार नव्हता, म्हणजे काही आठवडे विकसनातल्या प्रणालीला फायरवॉलच नव्हती!

डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेला पीएफ २४ जून २००१ रोजी दाखल झाला आणि १ डिसेंबरच्या ३.० आवृत्तीतून लोकांपर्यंत पोचला. नियमांची धाटणी मुद्दाम आयपीफिल्टरसारखी ठेवली होती. ‘शेवटचा जुळलेला नियम लागू, मध्येच थांबायचं तर क्विक’ ही रीत तिथलीच. लिनक्समधल्या आयपीटेबल्सवरून येणारा माणूस इथे हमखास अडखळतो, कारण तिकडे पहिला निकाल देणारा नियम जिंकतो.

पुढे दर सहा महिन्यांच्या आवृत्तीबरोबर भर पडत गेली. ३.२ मध्ये नॅटची (पॅकेटातले पत्ते बदलण्याच्या नियमांची) वेगळी फाइल पीएफ.कॉन्फ या मुख्य नियमफाइलीत विलीन झाली, ३.३ मध्ये वाहतुकीचा वेग वाटून देणाऱ्या एएलटीक्यूच्या रांगा आल्या.

४.१ मधला बदल (मे २००७) दिसायला किरकोळ, पण मोलाचा. तोवर ‘कीप स्टेट’ (जोडणीची नोंद, म्हणजे स्टेट, ठेवा) आणि ‘फ्लॅग्ज एस/एसए’ (ही नोंद जोडणीच्या पहिल्या, म्हणजे सिन पॅकेटावरूनच करा) नियमात हाताने लिहावं लागे. पहिलं लिहून दुसरं विसरलं, की आधीच चालू असलेल्या जोडणीच्या मधल्याच पॅकेटवरून स्टेट तयार होई. टीसीपीचं विंडो स्केलिंग (पोच येण्याआधी किती डेटा पाठवता येतो, त्या खिडकीचं माप वाढवणारा गुणक) फक्त सुरुवातीच्या सिन पॅकेटांत ठरतं. ती पीएफने पाहिलेलीच नसत. मग त्याच्या हिशेबात खिडकी खऱ्यापेक्षा लहान ठरे, वैध पॅकेटं खिडकीबाहेरची म्हणून टाकली जात आणि मोठी डाउनलोड अर्ध्यावर लटके. जोडणी झालेली, दोष मात्र नियमात दिसत नाही. ४.१ पासून दोन्ही गोष्टी न लिहिता लागू झाल्या.

सगळ्यात मोठी मोडतोड ४.७ ची, मे २०१० मधली. ‘नॅट’ आणि ‘आरडीआर’ (आलेली जोडणी दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारा) हे स्वतंत्र नियम गेले. त्यांच्या जागी ‘मॅच’ किंवा ‘पास’ नियमाला ‘नॅट-टू’, ‘आरडीआर-टू’ जोडायचं. पूर्वी पत्ते बदलणारे हे नियम पहिल्या जुळणीवर थांबत आणि गाळणीचे शेवटच्या. एकाच फाइलीत दोन न्याय. ते संपलं हे बरंच झालं. पण जुनी फाइल नव्या प्रणालीत चढवली की वाक्यरचनेची चूक येते आणि एकही नियम लागू होत नाही. चालू यंत्रात आधीचे नियम तसेच राहतात. बूट होताना मात्र सुरुवातीचा तात्पुरता संच उरतो: सगळं बंद, आत येण्यास एसएसएच, बाहेर डीएनएस आणि पिंग. दूरवरून शिरता येतं, पण मागच्या अख्ख्या कार्यालयाचं इंटरनेट गेलेलं असतं. म्हणून पीएफ हाताळणाऱ्या पीएफसीटीएल या आज्ञेला आधी ‘-एन’ आणि ‘-एफ’ देऊन फाइल नुसती तपासायची, मग चढवायची. शिवाय नवा ‘ब्लॉक’ नियम चढवला तरी जुन्या स्टेटवर चाललेली जोडणी तुटत नाही. ती ‘-के’ने मारावी लागते.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या बीएसडी प्रणालीने पीएफ आपल्या ५.३ मध्ये (२००४) घेतला, ९.० मध्ये ओपनबीएसडी ४.५ पर्यंत आणला, आणि १०.० मध्ये अनेक प्रोसेसरांना एकाच वेळी काम करता यावं म्हणून त्याची कुलपं (लॉक) नव्याने बसवली. त्यानंतर ओपनबीएसडीतले बदल जसेच्या तसे उचलणं अवघड झालं. ४.५ हा टप्पा ४.७ च्या आधीचा असल्याने फ्रीबीएसडीत जुनं ‘नॅट ऑन’ पुढेही वर्षानुवर्षं चालत राहिलं. ओपनबीएसडीने ५.६ मध्ये एएलटीक्यूही काढून टाकलं. फ्रीबीएसडीत ते राहिलं. तेव्हा कुठून उतरवलेल्या फाइलीत ‘नॅट ऑन’ दिसलं, तर ती बहुधा २०१० पूर्वीच्या ओपनबीएसडीची किंवा फ्रीबीएसडीची. ‘नॅट-टू’ असेल तर ओपनबीएसडी ४.७ पासूनच्या धाटणीची.