बारा प्रेषित, बारा ओळी? तसं काही झालं नव्हतं

चर्चमध्ये म्हणतात तो प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची थोडक्यात कबुली) बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, एकत्र बसून रचला, पेत्राने पहिलं वाक्य सांगितलं मग बाकीच्यांनी एकेक जोडलं, ही गोष्ट अजूनही फॉरवर्ड होत असते. ऐकायला भारी आहे पण खरी नाही.

प्रेषितांनी मिळून रचल्याची कथा इ.स. ४००च्या आसपास रुफिनस नावाचा इटलीतला लेखक सांगतो, म्हणजे प्रेषितांनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी, आणि कोणी कुठली ओळ म्हटली ही वाटणी तर त्याच्याही नंतरची. मुळात हा बाप्तिस्म्याच्या (ख्रिस्ती होण्याच्या विधीच्या) वेळी म्हणायचा रोममधला छोटा मजकूर, हळूहळू वाढत गेलेला. येशू 'अधोलोकात उतरला' हे आजच्या मजकुरातलं वाक्यच बघा ना, रोमच्या मतांगीकारात ते नाही असं रुफिनस स्वतःच लिहितो! आज म्हणतात तसा पूर्ण मजकूर थेट आठव्या शतकात सापडतो.

आणि १४३८ला कौन्सिलमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या मोठ्या सभेत, पूर्वेकडच्या ग्रीक लोकांनी सरळ सांगितलं, आमच्याकडे हा मतांगीकार नाहीच. प्रेषितांनीच लिहिला असता तर ग्रीक चर्चला माहीत नसता होय?