पाते बोटांवर का मिटते? घडीच्या चाकूच्या लॉकची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की इंदूरकरांच्या पाताळपाणी, तिंछा, चोरल, जानापावच्या वाऱ्या सुरू होतात. दिवाळी उलटली की नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांच्या घरी सामानाची जुळवाजुळव चालते. दोन्हीकडच्या पिशवीत घडीचा चाकू किंवा पक्कडवाले मल्टिटूल असतेच, आणि ते घेताना एक प्रश्न हमखास निघतो: लॉकवाले, म्हणजे उघडलेले पाते अडकवून ठेवणारे, घ्यावे की साधे? ‘लॉकवालेच घ्या, सेफ असते’ हे ठरलेले उत्तर. मला ते अपुरे वाटते. लॉक नसलेला चाकू काम करताना बोटांवर मिटू शकतो, हे खरेच. पण लॉक असलेला चाकू मिटवताना बोट पात्याच्या वाटेत न्यावे लागते, हे कोणी सांगत नाही. दोघांचा धोका वेगवेगळ्या क्षणी असतो. तो तसा का, हे समजायचे तर ही लॉक कोणी, कोणत्या कामासाठी आणली ते पाहावे लागते.

एका मुठीत अनेक हत्यारे घडी करून ठेवण्याची हौस फार जुनी आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले असे एक साधन आहे. त्यात चमचा, काटा, सुरी, टोचणी असे सगळे घडी होऊन बसते. आपल्याकडच्या जुन्या पिढीत चंचीत अडकित्ता आणि कडीत ओवलेले चांदीचे दातकोरणे-कानकोरणे असायचे. यांत लॉक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती, कारण यांवर फारसा जोर पडतच नाही.

जोर पडू लागला तो रोजच्या कामाच्या चाकूवर. त्यासाठी इंग्लंडमध्ये, शेफिल्डसारख्या गावांतल्या कारागिरांच्या हातून, पाठीच्या स्प्रिंगची रचना रुळली. आजही साधा स्विस चाकू त्याच तत्त्वावर चालतो. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब पट्टी असते. पात्याचे बूड, म्हणजे रिव्हेटभोवती फिरणारा भाग, गोल नसून कोपरेदार असते. पाते उघडताना बुडाचा कोपरा पट्टीला उचलतो, नखाला ताण जाणवतो. कोपरा ओलांडला की बुडाची सपाट बाजू पट्टीखाली येते आणि पाते ‘टक्’ करून बसते. ते तिथे राहते ते निव्वळ पट्टीच्या दाबाने. त्या दाबाहून जास्त जोर पात्याच्या पाठीच्या बाजूने आला की कोपरा उलटा सरकतो आणि पाते मिटते.

ही रचना नीट डोळ्यांपुढे आली की बरेच काही आपोआप उलगडते. काकडी चिरताना, दोरी कापताना, कैरी सोलताना जोर धारेवर येतो आणि तो पात्याला उघडेच ठेवतो. तिथे लॉकची गरज नाही. मात्र टोक कशात खुपसले, ओल्या लाकडात अडकलेले पाते हिसका देऊन ओढले, किंवा पात्याच्या पाठीने काही ठोकले, की जोराची दिशा फिरते. माझ्या मते लॉकचा सगळा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो. कापायचे काम साध्या चाकूचे. ढकलायचे, टोचायचे आणि पिळायचे काम लॉकचे.

स्विस सैनिकाचा चाकू जन्मला तो याच साध्या रचनेतून. १८८९ च्या श्मिट-रुबिन रायफलीचे भाग खोलायला पेचकस हवा होता आणि शिध्यातले डबे फोडायलाही काहीतरी हवे होते. म्हणून १८९० च्या नमुन्यात पाते, टोचा, डबा उघडायचे पाते आणि पेचकस अशी चार हत्यारे आली. पहिला पुरवठा जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारखान्यातून झाला. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे चाकूंचा कारखाना सुरू केला होता. १८९१ पासून त्यांनी स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पण त्यांची खरी करामत पुढची आहे. एकाच पाठीच्या स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंची हत्यारे तोलता येतील अशी मांडणी त्यांनी केली, त्यामुळे जाडी फारशी न वाढता हत्यारे जवळपास दुप्पट झाली. १२ जून १८९७ रोजी या मांडणीच्या चाकूची ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ म्हणून नोंदणी झाली. आई व्हिक्टोरियाच्या निधनानंतर १९०९ मध्ये त्यांनी तिचे नाव मालाला दिले, आणि १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आले तेव्हा त्यासाठीचा ‘इनॉक्स’ हा शब्द जोडून व्हिक्टोरिनॉक्स झाले. या सगळ्या काळात त्या चाकूला लॉक नव्हते. त्या सैनिकाची कामे बघितली तर ती उणीव म्हणवत नाही.

मग लॉकची गरज कोणाला पडली? तारकाम करणाऱ्यांना. मला या इतिहासातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल, म्हणजे संदेशवहनाच्या, दलात टीएल-२९ नावाचा दोन पात्यांचा चाकू दिला जाई: एक पाते कापायला, दुसरे पेचकसाचे. त्यात लॉक होते, पण ते कापायच्या पात्याला नव्हते, पेचकसाला होते. मुठीच्या आतल्या पितळी अस्तराची एक पट्टी पेचकस उघडताच आत सरकून त्याच्या बुडामागे उभी राहायची. पेचकस दाबून धरल्याशिवाय स्क्रू फिरत नाही आणि दाबताना तो घसरून मिटला की बोट सापडते, म्हणून आधार तिथे दिला. जवळच्या महूच्या लष्करी छावणीमुळे इंदूरला सिग्नलवाले परके नाहीत. खांबावर चढून एका हाताने काम करणाऱ्याला ही सोय काय मोलाची असेल, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

अस्तराच्या या लॉकला, म्हणजे लायनर लॉकला, अमेरिकेत १९०६ मध्येच पेटंट मिळालेले होते. पण त्या चाकूंत पाठीची स्प्रिंगही असायची. १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर या कारागिराने ती स्प्रिंगच काढून टाकली. पाते उघडे असताना त्याला लायनरनेच अडवायचे आणि मिटलेले असताना त्याच लायनरवरच्या बारीकशा गोळीने धरून ठेवायचे, अशी त्याची मांडणी. आज बाजारात दिसणारे बहुतेक लायनर लॉक याच वळणाचे आहेत.

दरम्यान दुसऱ्या वाटाही निघाल्या होत्या. फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या ओपिनेल कंपनीच्या लाकडी मुठीच्या चाकूला १९५५ मध्ये फिरती कडी मिळाली. कडी फिरवली की पात्याच्या मिटायच्या वाटेतच धातू येतो. इतकी सरळ आणि डोळ्यांना दिसणारी लॉक-रचना दुसरी मला माहीत नाही. लॉक लागले आहे की नाही ते लांबूनही कळते. अमेरिकेत १९६४ मध्ये बक कंपनीचा ११० क्रमांकाचा चाकू आला आणि पाठीचे लॉक घरोघरी पोचले. त्यात मुठीच्या पाठीतली दांडी मधोमध टेकलेली असते. तिच्या पुढच्या टोकाचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो, आणि मागचे टोक दाबले की आकडा उचलला जातो. मजबूत आहे, पण खाचेत मातीचा एक खडा जरी बसला तरी आकडा पुरता उतरत नाही.

पक्कड या कथेत उशिरा आली. टिम लेदरमन हा अमेरिकी इंजिनियर १९७५ मध्ये पत्नीबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी आणि हॉटेलांतले नळ दुरुस्त करताना खिशातला चाकू कमी पडू लागला, आणि या चाकूला पक्कड हवी, असे त्याच्या मनाने घेतले. पेटंट १९८० मध्ये मिळाले, पहिले मल्टिटूल विकायला १९८३ उजाडले. त्या पहिल्या साधनातही पात्यांना लॉक नव्हते. ते १९९४ च्या मोठ्या नमुन्यात आले. १९९८ मध्ये पाती मुठीच्या बाहेरच्या बाजूला आणली गेली. पक्कड न उलगडता, एका हाताने पाते उघडता येऊ लागले. स्विस सैन्यानेही २००८ च्या नमुन्यात एका हाताने उघडणारे, लॉक होणारे पाते घेतले. अडकलेला दोर किंवा सीटबेल्ट कापताना दुसरा हात मोकळा नसतो; त्यासाठी ही सोय आहे.

मात्र एका हाताने उघडणे आणि लॉक होणे या दोन गोष्टी एकत्र आल्या तसे कायदेही सावध झाले. जर्मनीने २००८ मध्येच असे चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगण्यावर बंधन घातले. ब्रिटनमध्ये ३ इंचांच्या आतला घडीचा चाकू खिशात चालतो, पण लॉक होणारा चाकू त्या सवलतीत बसत नाही, असे तिथल्या न्यायालयाने १९९३ मध्ये ठरवले. म्हणजे तिथे सगळा प्रश्न लॉकचा.

आपल्याकडे कायद्याची नजर वेगळ्या जागी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे केंद्राचे नियम ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोजतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठीची पाती त्यातून वगळलेली आहेत. मध्य प्रदेशात त्यापुढे २२ नोव्हेंबर १९७४ ची अधिसूचना आहे. तिच्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे धारदार हत्यार बाळगायला मनाई आहे, आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू असेल तर त्याचे पाते कितीही लहान असले तरी चालत नाही. इथे पाते उघडणारी यंत्रणा आणि उघडलेले पाते धरून ठेवणारी यंत्रणा यांतला फरक घट्ट ध्यानात ठेवायला हवा. बटण दाबताच पाते स्वतःहून उसळून बाहेर येते, तो स्प्रिंगचा चाकू. नखाने किंवा अंगठ्याने आपणच उघडायचे आणि मग ते अडकून राहते, तो लॉकचा चाकू. सियागंजच्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बटण दिसले की ते पाते उघडण्यासाठी आहे की सोडवण्यासाठी, हे आधी तपासा. स्प्रिंगवाला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून निघताना कोणताही चाकू हातातल्या पिशवीत नको. तो चेक-इन सामानातच.

आता हाताळणी. साधा चाकू मिटवताना मूठ दोन्ही कडांनी धरावी, बोटांची टोके खाचेच्या वर येऊ देऊ नयेत, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याच्या पाठीवर दाबावे. स्प्रिंग शेवटच्या टप्प्यात पाते स्वतःकडे खेचते, म्हणून घाईने फटकन मिटवू नये. या चाकूतले सगळ्यांत दगाबाज हत्यार म्हणजे टोचा, कारण तो ढकलूनच वापरायचा असतो. पट्ट्याला भोक पाडताना तो सरळ उभा धरून, थोडा थोडा फिरवत आत न्यावा; तिरपा जोर दिला की तो मिटायला बघतो.

लायनर लॉकचे वेगळे. तिथे अंगठ्याने लायनर बाजूला सारावा लागतो, आणि तो अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. म्हणून लायनर सरकवून पाते जेमतेम थोडे हलवावे, बुडाने लायनर ओलांडला की तिथेच थांबावे, अंगठा काढून घ्यावा, आणि मगच पाते मिटवावे. हा मधला थांबा मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावा. पाठीच्या लॉकलाही हेच लागू: आकडा उचलला की पाते अचानक सैल होते, त्यामुळे दाबणारा हात आणि मिटवणारा हात वेगळे ठेवावेत. डावखुऱ्यांनी लायनर लॉक घेताना दुकानातच उघडून-मिटवून बघावे, कारण बहुतेक लायनर उजव्या अंगठ्याच्या सोयीने कापलेले असतात. शिवाय मूठ घट्ट आवळून पिळण्याचे काम करताना डाव्या हाताची बोटे नकळत लायनरवर दाब देऊ शकतात.

माळव्याची काळी माती या यंत्रणांची मोठी वैरी आहे. पावसात ती चिकटते, रिव्हेटच्या फटीत शिरते, वाळली की दगडासारखी होते, आणि लायनर पूर्ण आत सरकत नाही. सहलीहून आल्यावर चाकू कोमट पाण्यात धरून चार-सहा वेळा उघडावा-मिटवावा, दातकोरण्याने लायनरमागची खाच साफ करावी, फडक्याने पुसून नीट वाळू द्यावा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब रिव्हेटवर सोडावा. लायनर जिथे पात्याच्या बुडाला टेकतो, तिथे मात्र तेल पुसून काढावे. लॉक घर्षणावर टेकलेले असते आणि तेलकट बूड त्यावरून निसटू शकते. धार शिकलगाराकडून चाकावर लावून घेतली तर पाते तापून मऊ पडण्याची भीती असते. घडीच्या पातळ पात्याला घरची सहाण बरी.

लॉक अजून धड आहे का, हे बघायला पात्याची पाठ टेबलावर आपटणारे लोक आहेत. तसे करू नये; त्या धक्क्याने चांगले लॉकही बिघडते. उजेडात चाकू उघडून लायनरचे टोक बुडाच्या रुंदीत कुठवर पोचले आहे ते पाहावे. नव्या चाकूत ते बहुधा अलीकडच्या कडेजवळ थांबते आणि झिजेबरोबर पलीकडे सरकत जाते. ते पलीकडच्या अस्तराला जाऊन भिडले, किंवा पाते पुढे-मागे डुगडुगू लागले, की त्या चाकूने टोचायचे-ढकलायचे काम बंद करावे. भाजी चिरायला आणि दोरी कापायला तो पुढेही चालतो, फक्त त्याला लॉक नाही असे समजून धरायचा.