टे की ॲश्टाब्युला? जुन्या चित्रातला रेल्वे अपघात ओळखताना

वादळी रात्र, तुटलेला लोखंडी पूल, खाली कोसळणारी गाडी. एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र साप्ताहिकात असं चित्र दिसलं की बरेच जण ‘टे पूल’ म्हणून मोकळे होतात. पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲश्टाब्युलाचा पूल पडला २९ डिसेंबर १८७६ ला, तर स्कॉटलंडमध्ये डंडीजवळचा टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९ ला. दोन्ही वेळा संध्याकाळचे सात वाजून गेलेले, दोन्ही वेळा झंझावात. गोंधळ न झाला तरच नवल.

चित्रात आधी खांब पाहा. टेचा पूल जवळपास दोन मैलांचा होता. त्यातले मधले, जहाजांना वाट देण्यासाठी उंच ठेवलेले १३ गर्डर (लोखंडी तुळया) गाडीसकट पाण्यात गेले. त्यामुळे पाण्यात तुटक्या खांबांच्या बुंध्यांची रांग दिसली तर तो टे. ॲश्टाब्युलाला मध्ये खांबच नव्हता. दोन दगडी पायांमध्ये सुमारे दीडशे फुटांचा एकच गाळा, खाली सत्तरेक फूट खोल घळ.

मग आग शोधा. अमेरिकन गाडीचे लाकडी डबे उबेच्या शेगड्यांनी आणि तेलाच्या दिव्यांनी पेटले; सुमारे ९२ माणसं गेली, कित्येकांची ओळखही पटली नाही. त्या गाडीला दोन इंजिनं होती. पुढचं ‘सॉक्रेटिस’ कसंबसं पलीकडे पोचलं, मागचं ‘कोलंबिया’ डब्यांसह खाली गेलं. टेच्या गाडीला इंजिन एकच. ते नंतर नदीतून काढून, दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ‘पाणबुड्या’ ठेवलं, यात खवचटपणा किती आणि कौतुक किती, कोण जाणे. टेचे बळी तेव्हा ७५ धरले गेले. नावानिशी खात्री झालेले ५९.

कारणं मात्र वेगळी. टेला आडव्या वाऱ्याचा हिशेब संकल्पक थॉमस बाउच यांनी धरलाच नव्हता. बिडाच्या खांबांना तिरकस पट्ट्या जोडायचे कान खांबांबरोबरच ओतलेले, त्यातली बोल्टची भोकं निमुळती. बोल्ट सगळीकडे न टेकता एका कडेवरच दाबायचा. चाचणीत असे कान अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी ताणाला तुटले. ॲश्टाब्युलात वारा दोषी नव्हता. तिथे सांध्यातला बिडाचा ठोकळा ओततानाच आत पोकळी राहिली होती. अकरा वर्षं गाड्यांचे हादरे खाऊन तिथूनच चीर वाढली आणि कान तुटला. दोन्हीकडे घात बिडानेच केला. दाब सोसणारं बीड ताणाला कच्चं असतं.

चित्रावर विश्वास मात्र बेतानेच ठेवा. ही चित्रं बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या छोट्या ठोकळ्यांवर कोरत. ठोकळे वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत आणि मग बोल्टने एकत्र आवळत. म्हणून चित्रात कधी कधी बारीक पांढऱ्या सरळ रेघा दिसतात. टेची गाडी पडताना जवळून कुणी पाहिलीच नाही. काठावरून दिसल्या त्या ठिणग्या, एक लखलखाट आणि मग काळोख. खिडक्यांत दिवे लागलेली, हवेत लोंबणारी गाडी हा चित्रकाराच्या मनचा मामला. पाणबुडे आणि शोधनौका दाखवणारी चित्रं त्यामानाने भरवशाची.

बुंध्यांशेजारी धडधाकट पूल दिसत असेल, तर ते चित्र अपघाताच्या वेळचं नाही: टेवरचा नवा पूल १८८७ मध्ये सुरू झाला, आणि जुन्या खांबांचे बुंधे आजही त्याच्या बाजूला आहेत.