बांध, उघाडी आणि होल्डिंग पाँड

जुलैत मुसळधार पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली, की नवी मुंबईतल्या वाशी-बेलापूरच्या सखल भागांत पाणी तुंबण्याची भीती असते. त्याचं मूळ शहराच्याही आधीच्या काळात आहे.

ठाणे खाडीच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. डोंगर आणि खाडी यांच्या मधली पट्टी भरतीला पाण्याखाली जायची. आगरी-कोळ्यांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून खाजणातून, म्हणजे या खारट दलदलीतून, भातशेती काढली. बांधात ठिकठिकाणी उघाडी असायची. उघाडी म्हणजे दार. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच ते बंद व्हायचं आणि ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडायचं. पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन निघाला की मोड आलेलं बी चिखलात फोकायचं. बांध फुटला तर खारं पाणी आत शिरून शेत नापीक व्हायचं, म्हणून बांधाची राखण हे साऱ्या गावाचं काम होतं. याच पट्टीत मिठागरंही होती. म्हणजे ही जमीन निसर्गाने आयती दिलेली नव्हती, ती माणसांनी घडवली होती. शहराचा इतिहास सांगताना हे नेहमी राहून जातं आणि मला ते खटकतं.

मुंबईवरचा भार हलका करायला खाडीपलीकडे शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्याला मांडली. १९७०मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९७३मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावं लागलं. जानेवारी १९८४मध्ये उरणजवळच्या जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली.

आता प्रश्न पाण्याचा होता. सगळी पट्टी भरतीच्या वर येईल एवढा भराव टाकायचा तर खर्च फार, आणि त्याची माती-दगड डोंगर फोडूनच आणावे लागणार. तेव्हा सखल भागांत भराव मर्यादित ठेवून डच पद्धतीचे होल्डिंग पाँड, म्हणजे धारण तलाव, खोदले गेले. भरतीच्या वेळी खाडीकडची झडप बंद होते आणि शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडप उघडते आणि पाणी खाडीत जातं. नेदरलँड्सचं नाव लागलं तरी ही उघाडीच होती. फक्त आत भाताऐवजी इमारती उभ्या राहिल्या.

डोंगर मात्र सुटले नाहीत. पारसिकच्या कुशीत खाणी चालल्या. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला.

भरतीबरोबर येणारा गाळ तलावांत साचत गेला, त्यात खारफुटी रुजली, आणि पाणी साठवायची जागा कमी झाली. शेताच्या बांधाचा गाळ गाव स्वतः उपसायचं. इथे खारफुटीला उच्च न्यायालयाचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे, कारण खाडीकाठ तिनेच धरून ठेवलाय. त्यामुळे खारफुटी वाढलेल्या तलावातला गाळ काढायचा तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.