गाजरात ‘अ’ जीवनसत्त्व नसतं

“गाजर खा, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व असतं,” हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. गाजरात ते नसतं. गाजरात असतं बीटा कॅरोटीन, म्हणजे केशरी रंगद्रव्य. तयार ‘अ’ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, दूध, अंडी, यकृत अशा प्राणिज पदार्थांतून मिळतं. हा फरक पुस्तकी वाटेल, पण रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा विषय निघाला की सगळं त्यावरच येऊन ठेपतं.

दोन्ही पदार्थ मेदात विरघळतात. गाजर किसताना बोटांवर चढलेला केशरी रंग नुसत्या पाण्याने नीट निघत नाही, तेल चोळलं की सुटतो. रचना मात्र वेगळी. बीटा कॅरोटीनचा रेणू ४० कार्बनचा, लांबट, दोन्ही टोकांना एकेक कडं असलेला. तो बरोबर मधोमध कापला की २० कार्बनचे दोन सारखे तुकडे होतात आणि त्यांपासून शरीर रेटिनॉल बनवतं. कॅरोटीनचं असं रूपांतर होतं, हे थॉमस मूर यांनी १९३० मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं.

ही कात्री म्हणजे बीसीओ-१ नावाचं एन्झाइम, आणि ते घडवणारं जनुकही त्याच नावाचं. सगळ्यांच्या कात्रीला सारखी धार नसते. या जनुकातले दोन ठरावीक बदल एकत्र असलेल्या स्त्रियांमध्ये हे रूपांतर ६९ टक्क्यांनी कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. कात्री बोथट असेल, तर खाल्लेल्या कॅरोटीनपैकी बरंचसं न कापलेलंच रक्तात फिरत राहतं. कॅरोटीन फारच साठलं, तर तळहात पिवळे दिसू लागतात. ती कावीळ नव्हे. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो.

आता कोलेस्टेरॉल. रक्तात कॅरोटीन भरपूर आहे म्हणजे कोलेस्टेरॉल आटोक्यात असणार, असा समज सहज होतो. पण कॅरोटीन रक्तात एकटं फिरत नाही. ते बऱ्याच अंशी एलडीएलच्या कणांतूनच वाहून नेलं जातं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्याच गाडीतून. गाड्या जास्त असल्या, तर कॅरोटीनचा आकडाही वाढू शकतो. नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये, असं मला ठामपणे वाटतं.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेलं काम इथे फार मोलाचं आहे. बीसीओ-१ शाबूत असलेल्या उंदरांना बीटा कॅरोटीन दिल्यावर कोलेस्टेरॉल उतरलं. ज्यांचं हे जनुक काढून टाकलं होतं, त्यांच्या रक्तात कॅरोटीन साठलं, पण कोलेस्टेरॉलला त्याचा फायदा झाला नाही. म्हणजे गुण रंगद्रव्याचा नव्हता, ते कापून तयार झालेल्या जीवनसत्त्वाचा होता. त्या जीवनसत्त्वामुळे यकृत रक्तात कमी चरबी सोडत होतं. माणसांतही या जनुकाजवळच्या एका बदलाचा एकूण कोलेस्टेरॉलशी संबंध आढळला. अर्थात, संबंध आढळणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे.

मग थेट ‘अ’ जीवनसत्त्वाचीच गोळी का घेऊ नये? दोघांतला सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. शरीरात हे जीवनसत्त्व पुरेसं झालं की त्यापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल आतड्यात आयएसएक्स नावाचं जनुक जागं करतं. ते दोन जनुकांचा आवाज खाली आणतं: एक बीसीओ-१चं आणि दुसरं कॅरोटीनला आतड्याच्या पेशीत घेणाऱ्या दाराचं. कात्री मंदावते, दारही लोटलं जातं. म्हणूनच गाजरं खाऊन ‘अ’ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. रेटिनॉल या दाराने येतच नाही, त्यामुळे त्याला असा पहारा नाही. ते अति झालं तर यकृताला इजा होते, गर्भावस्थेत बाळाला धोका असतो. याच कुटुंबातलं आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचं औषध तर ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल वाढवू शकतं. ते चालू असताना रक्तातली चरबी तपासतात ती त्यासाठीच.

बीटा कॅरोटीनची गोळी तरी निर्धोक का? तीही नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. सिगारेट ओढणाऱ्या माणसाने या गोळीच्या वाटेला जाऊ नये. ताटातल्या गाजराला ही मनाई नाही.