आव आणि टीबीच्या आडून: भारतातील कोलायटिस व क्रोन्सची पार्श्वभूमी

पोटात कळ येते, दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागते, रक्त आणि शेंबूड पडतो. एवढे सांगितले की आपल्याकडे ऐकणारा म्हणतो, आव असेल, नाहीतर मूळव्याध. लहान आतडे मोठ्याला मिळते तिथे व्रण दिसले आणि सोबत ताप, वजनातली घट असली, तर टीबी. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख आजार. भारतात ते बराच काळ या जुन्या निदानांच्या आडच राहिले. 'हा गोऱ्या, श्रीमंत देशांचा आजार' हा समज त्यातूनच पक्का झाला.

पाश्चात्त्य देशांतही सुरुवात काही सरळ नव्हती. लंडनचे सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये मोठ्या आतड्याच्या व्रणांचे वर्णन केले, ते कोलायटिसच्या पहिल्या नोंदींपैकी एक मानले जाते. १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी क्षयासारखा दिसणारा, पण क्षय नसलेला आतड्याचा दाह नोंदवला. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिंझबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांच्या आधारे तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली आणि आजाराला क्रोन यांचे नाव चिकटले. पण क्षयापासून हा आजार वेगळा काढण्याची गरज तिथेही होती, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

भारतात आधी उजेडात आला तो कोलायटिस. दिल्लीच्या एम्समधील बी. एन. टंडन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये उत्तर भारतातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी दिल्लीतूनच छुट्टानी आणि सहकाऱ्यांचा उष्ण कटिबंधातील कोलायटिसवरचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्या काळी कोलोनोस्कोपी, म्हणजे लवचीक दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहणे, नव्हती; ताठ नळीची दुर्बीण आणि बेरियमचे एक्स-रे यांवर भागवावे लागे. त्यात शौचाच्या तपासणीत अमिबा इतक्या सर्रास सापडत की तो दिसला म्हणजे दुखण्याचे मूळ तोच, असे म्हणता येत नसे. तरी औषध त्याचेच दिले जाई.

खरी कलाटणी मिळाली ती दवाखाना सोडून घरोघरी गेल्यावर. हरियाणातील १९८६ च्या पाहणीत लाखामागे ४२.८ जणांना कोलायटिस आढळला. लुधियानाच्या दयानंद वैद्यकीय महाविद्यालयातील अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात ५१,९१० जणांची पाहणी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा लाखामागे ४४.३ होता. दोन शेजारची राज्ये, मध्ये इतकी वर्षे, आणि आकडे जवळजवळ तेच. म्हणजे निदान त्या भागात तरी हा आजार कालपरवा उगवलेला नव्हता. ब्रिटनमधल्या लेस्टरशायरचा १९९२ चा अभ्यास आणखी बोलका आहे. तिथल्या दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत, विशेषतः हिंदू आणि शिखांत, कोलायटिसच्या नव्या रुग्णांचे प्रमाण युरोपीय वंशाच्या शेजाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघाले. आपल्या रक्तातच काही संरक्षण आहे, हा युक्तिवाद तिथे संपतो.

क्रोन्सची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, कारण समोर क्षय. एच. डी. टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्ये आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांतला पेशीय फरक मांडला. क्षयात दाहाच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या आणि मधोमध कुजलेल्या असतात. क्रोन्समध्ये लहान, सुट्या. क्षयाचे व्रण बहुधा आडवे, क्रोन्सचे उभे. गुदद्वाराजवळ भगेंद्र असेल तर कल क्रोन्सकडे, पोटात पाणी असेल तर क्षयाकडे. पुस्तकात हे स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात दुर्बिणीतून घेतलेला तुकडा इतका छोटा असतो की निर्णायक खूण हाती लागतेच असे नाही, आणि क्षयाचे जंतूही अनेकदा सापडत नाहीत.

मग आधी टीबीची औषधे देऊन पाहायची, ही रीत पडली. ती निव्वळ आळसातून आलेली नाही. क्षय असताना स्टिरॉइड दिले तर तो पसरू शकतो. दाह थांबवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबसारख्या जैविक औषधांनी सुप्त क्षयही जागा होऊ शकतो. पण उलट्या चुकीचीही किंमत असते. क्रोन्सच्या रुग्णाला टीबीच्या गोळ्यांवरही काही काळ बरे वाटू शकते. तेवढ्या महिन्यांत दाह आत चालू राहतो आणि आतडे अरुंद होत जाते. म्हणून आता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण खरोखर भरले का, हे पाहण्यावर भर आहे. 'बरे वाटते' एवढ्यावर विसंबत नाहीत.

इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरोलॉजीच्या २०१२ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ६४ टक्के रुग्ण कोलायटिसचे आणि ३५ टक्के क्रोन्सचे होते. क्रोन्सचा वाटा दक्षिणेत जास्त दिसला. पाश्चात्त्य रुग्णांत क्रोन्सशी जोडले गेलेले एनओडी-२ जनुकातले नेहमीचे बदल भारतीयांत फारसे सापडत नाहीत, त्यामुळे तिकडची कारणमीमांसा इकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. बदललेला आहार, शहरी राहणी, लहानपणीची प्रतिजैविके यांवर संशय आहे. ठाम दोषी ठरलेला एकही नाही. शिवाय कोलोनोस्कोपी तालुक्यापर्यंत पोहोचल्यावर रुग्ण वाढलेले दिसणारच. वाढ खरी आहे, पण तिच्यातला किती भाग आजाराचा आणि किती तपासणीचा, हे रुग्णालयांच्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

एका बहुउद्धृत अंदाजानुसार २०१० मध्ये भारतात या दोन्ही आजारांचे मिळून १४ लाख रुग्ण होते. पंजाबचा दर जनगणनेतील १२१ कोटींना लावून पाहिला तर कोलायटिसचे साडेपाच लाखांच्या आत येतात. उरलेले सगळे क्रोन्सचे म्हणावेत, तर ते २०१२ च्या पाहणीतल्या प्रमाणात बसत नाही. एका राज्यातल्या काही हजार घरांवरून देश मोजला की असा घोळ होणारच. राज्याराज्यांत लुधियानासारखी पायपीट झाल्याशिवाय तो सुटणार नाही.